मॉडेलातला पाऊस कोणत्या वाटेने येतो, ते आधी पाहा

एका कृषी विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने सीएमआयपी-6 या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातल्या 12 हवामान मॉडेलांचा रोजचा पाऊस उतरवून घेतला आणि मराठवाड्यापुरता तो भारतीय हवामान खात्याच्या आकड्यांशी ताडून पाहिला. रोजच्या पावसाचा सहसंबंध जवळजवळ शून्य आला. जून ते सप्टेंबरच्या एकूण पावसात मात्र दोन मॉडेलं अगदी जवळ बसली. तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मॉडेलं निरुपयोगी समजायची का? ती दोन जुळलेली मॉडेलं घेऊन सोयाबीनचं पुढचं काम करायचं का? आणि मॉडेलला हवामानाचे आकृतिबंध, म्हणजे वारा आणि दाबाच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या मांडण्या, जमतात की नाही, हे नेमकं कसं तपासतात?

शून्य सहसंबंधाने घाबरू नका. तो शून्यच यायला हवा होता. 0.5 किंवा 0.6 आला असता तर मी तुम्हाला फाइल पुन्हा तपासायला सांगितलं असतं.

या मॉडेलांचा ‘ऐतिहासिक’ प्रयोग 1850 साली सुरू होतो आणि 2014 साली संपतो. त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड, ज्वालामुखींची धूळ, सूर्याची ऊर्जा, जमिनीचा बदलता वापर हे सगळं खरं दिलेलं असतं. अमुक दिवशी वारा कुठून होता, हे मात्र दिलेलं नसतं. हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1963 साली दाखवलं की सुरुवातीच्या अगदी सूक्ष्म फरकातूनही वातावरणाची पुढची वाटचाल पूर्ण वेगळी होते. साधारण दोन आठवड्यांपलीकडे रोजच्या हवामानाचा माग हातातून निसटतो. दीड शतक मोकळं धावलेल्या मॉडेलातला 26 जुलै 2005 हा म्हणूनच जुलैतला कुठलाही एक दिवस असतो. एल निनोचंही तसंच. आपल्याकडे मोठा एल निनो 1997 साली आला, मॉडेलात तो 1992 किंवा 2003 सालीही येऊ शकतो, आणि ती मॉडेलची चूक नव्हे. वर्षांची जोडी लावून तुलना करायची असेल तर ‘अमिप’ हा वेगळा प्रयोग वापरा. त्यात 1979 ते 2014 या काळातलं समुद्राच्या पृष्ठभागाचं खरं तापमान मॉडेलला पुरवलेलं असतं. त्या फाइली जरूर घ्या, पुढे कामाला येतील.

तारखा जुळवायच्या नाहीत म्हणजे फक्त सरासरी जुळवायची, असा अर्थ बरेच जण काढतात. माझा सगळा आक्षेप तिथेच आहे. तारीख आणि सरासरी यांच्या मधे एक मोठा प्रदेश आहे: पाऊस कसा पडतो, किती दिवस टिकतो, किती दिवस दडी मारतो, कुठल्या वाऱ्याबरोबर येतो. सोयाबीनचं सगळं नशीब त्या मधल्या प्रदेशात ठरतं.

त्यात शिरण्याआधी थोडी साफसफाई. मॉडेलचा पाऊस किलोग्रॅम प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात येतो, रोजचे मिलिमीटर मिळवायला 86,400 ने गुणावं लागतं. काही मॉडेलांत 29 फेब्रुवारी नसतोच, आणि ब्रिटिश मॉडेलांत वर्ष 360 दिवसांचं, प्रत्येक महिना 30 दिवसांचा असतो. तिथे 31 जुलै शोधू नका. हवामान खात्याचा पर्जन्यदिवस सकाळी साडेआठला संपतो, मॉडेलचा दिवस ग्रीनिच मध्यरात्रीला. मोकळ्या धावलेल्या मॉडेलसाठी याने फार बिघडत नाही, पण पुनर्विश्लेषणाच्या (निरीक्षणं मॉडेलात मिसळून तयार केलेल्या भूतकाळाच्या हवामानसंचाच्या) वाऱ्याशी आपला पाऊस जोडताना एका दिवसाची गफलत होते आणि महिनोन्‌महिने लक्षातही येत नाही. शेवटचं, नकाशा चौकोनी चौकटींत विभागलेला असतो आणि प्रत्येक चौकटीला एकच आकडा मिळतो; खात्याचे पाव अंशाच्या चौकटीचे आकडे मॉडेलच्या जाड चौकटीवर आणा. मॉडेलचे आकडे बारीक करून खात्याच्या चौकटीवर नेऊ नका, त्यात नसलेला तपशील असल्याचा भास होतो. 26 जुलै 2005 च्या पावसात सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर नोंदले गेले आणि त्याच मुंबईत कुलाब्याला 73. शंभर किलोमीटरच्या चौकटीला या दोघांतलं एकही दिसत नाही, तिला दिसते ती चौकटीची सरासरी. तुमचा अख्खा मराठवाडा अशा सहा-सात चौकटींत संपतो.

आता ती दोन जुळलेली मॉडेलं. त्यांच्यावर माझा सगळ्यात आधी संशय जाईल.

जुलैत 180 मिलिमीटर पाऊस झाला, असं समजा. एका मॉडेलात तो रोज 6 मिलिमीटर असा तीस दिवस पडला. प्रत्यक्षात पहिल्या आठवड्यात 80 पडला, मग अठरा दिवस कोरडे गेले आणि शेवटच्या पाच दिवसांत 100 आला. बेरीज तीच. पण एका शेतात पीक तरारलेलं आहे आणि दुसऱ्यात दुबार पेरणीची चर्चा चालू आहे. जगभरच्या मॉडेलांना हा रिपरिपीचा रोग आहे. 2010 साली क्लाउडसॅट उपग्रहाच्या मापनांशी ताडून दाखवण्यात आलं की मॉडेलांत पाऊस प्रत्यक्षापेक्षा साधारण दुप्पट वेळा पडतो आणि फार हलका पडतो. कारण मॉडेलच्या घडणीत आहे. गडगडाटी ढग काही किलोमीटर रुंदीचा, चौकट शंभर किलोमीटरची. एवढ्या मोठ्या चौकटीत ढग हरवून जातो. म्हणून त्याच्या जागी एक सूत्र बसवतात, आणि हवा जराशी अस्थिर झाली की ते सूत्र पाऊस पाडून मोकळं होतं. खऱ्या वातावरणात ती ऊर्जा दुपारभर साठत जाते आणि संध्याकाळी फुटते. मॉडेलात साठायला वेळच मिळत नाही. जमिनीवरचा पाऊस बहुतेक मॉडेलांत भर दुपारी पडतो, तोही याच दुखण्यामुळे.

याची किंमत मी स्वतः मोजली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिल्ह्याच्या पाणी नियोजनासाठी मी मॉडेल निवडलं ते महिन्यांच्या सरासरीवरून. आलेख इतका सुरेख जुळला होता की पुढे शंका घेतलीच नाही. मग तो पाऊस आम्ही ओढ्यानाल्यांच्या प्रवाहाच्या गणितात घातला आणि बंधारा काही भरेना. एकही वर्ष भरेना. चार महिने आम्ही मातीचे गुणांक बदलत बसलो. दोष मातीत नव्हताच. रोजचा हलका पाऊस मातीत मुरून आणि वाफ होऊन संपत होता, वाहून जाईल असा दणका मॉडेलात कधी येतच नव्हता. तेव्हापासून मी पावसाची बेरीज सगळ्यात शेवटी बघते.

तुमच्या दोन मॉडेलांबद्दल आणखी एक संशय आहे, तो मराठवाड्याच्या भूगोलातून येतो. कोकण-गोव्याला मोसमात 2,800 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, मराठवाड्याला साडेसहाशेच्या आसपास. मधे सह्याद्री उभा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजारांच्या वर आणि सरळ रेषेत सत्तरेक किलोमीटरवरच्या पुण्याला सातशे-साडेसातशे, ही किमया त्याचीच. शंभर किलोमीटरच्या चौकटीत महाबळेश्वर आणि पुणे शेजारीही राहत नाहीत, एकाच घरात येतात. सह्याद्रीची भिंत मॉडेलात पसरट उंचवटा होते, घाटमाथ्यावर पडायचं पाणी पुढे सरकतं आणि पर्जन्यछाया पुसट होते. यामुळे मराठवाड्यात पाऊस जास्त दिसायला हवा. दुसरीकडे, मध्य भारतात कमी पाऊस आणि विषुववृत्तीय हिंदी महासागरावर जास्त पाऊस ही चूक सीएमआयपीच्या तिसऱ्या पिढीपासून सहाव्या पिढीपर्यंत बहुतेक मॉडेलांत टिकून आहे. यामुळे मराठवाड्यात पाऊस कमी दिसायला हवा. दोन चुकांनी एकमेकींना कापलं की आकडा बरोबर येतो. हे तपासायला फक्त मराठवाडा बघून चालणार नाही. पश्चिमेला अरबी समुद्रापासून पूर्वेला बंगालच्या उपसागरापर्यंत एक आडवी पट्टी काढा आणि तिच्यावर पाऊस कसा चढतो-उतरतो ते बघा. पट्टीवर कोकणाचा सुळका नसेल, विदर्भ-छत्तीसगड कोरडे असतील आणि मराठवाडा तेवढा बरोबर असेल, तर ते मॉडेल बाजूला ठेवा.

आता खरा प्रश्न: आकृतिबंध.

मराठवाड्यात नुसत्या पश्चिमेच्या वाऱ्याने पाऊस पडत नाही, हे तिथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. वारा सुसाट, ढग धावताहेत आणि जमीन कोरडी, असे कितीतरी दिवस जातात. पाऊस येतो तो मान्सूनची आस, म्हणजे उत्तर भारतावरचा कमी दाबाचा लांब पट्टा, आपल्या जागी असताना, बंगालच्या उपसागरातून निघालेलं कमी दाबाचं क्षेत्र पश्चिम-वायव्येकडे सरकताना. अशी क्षेत्रं मोसमात सरासरी चौदाच्या आसपास तयार होतात आणि मध्य भारताच्या पावसातला निम्म्याच्या आसपास वाटा त्यांचा असतो. शिवाय त्यांचा सर्वांत जोरदार पाऊस केंद्राच्या नैर्ऋत्येला पडतो. म्हणून क्षेत्र छत्तीसगड-मध्य प्रदेशावरून चाललेलं असतं आणि पाऊस विदर्भ-मराठवाड्याला मिळतो. आस हिमालयाच्या पायथ्याशी सरकली की आपल्याकडे उघडीप.

म्हणून मॉडेलला पहिला प्रश्न वाऱ्याचा विचारा. 850 हेक्टोपास्कल पातळीवर, म्हणजे साधारण दीड किलोमीटर उंचीवर, सोमालियाच्या किनाऱ्यावरून वळून येणारा वेगवान झोत जागेवर आहे का? त्याचा जोर जून-जुलैत वेळेवर वाढतो का? बऱ्याच मॉडेलांत उन्हाळ्याआधी अरबी समुद्र प्रत्यक्षापेक्षा थंड असतो, त्यामुळे बाष्प कमी मिळतं आणि मान्सूनची सुरुवात दुबळी होते. अमिपच्या फाइली इथे उपयोगी पडतात. समुद्राचं खरं तापमान दिल्यावर चूक नाहीशी झाली तर दोष समुद्राच्या बाजूचा, तशीच राहिली तर वातावरणाच्या सूत्रांचा. हा निदानाचा साधा मार्ग आहे आणि लोक तो वापरतच नाहीत.

दुसरा प्रश्न कमी दाबाच्या क्षेत्रांचा. रोजच्या दाबातून किंवा 850 पातळीवरच्या भोवऱ्याच्या तीव्रतेतून ती शोधून त्यांचा माग काढणाऱ्या आज्ञावल्या आहेत. संख्या मोजाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यांची वाट बघा. अनेक मॉडेलांत ती उगवतात ठीक, पण किनारा ओलांडून आत आली की लवकर विरतात. मग प्रत्येक क्षेत्राच्या केंद्राभोवतीचा पाऊस एकावर एक ठेवून सरासरी काढा. नैर्ऋत्येचा कोपरा भरलेला दिसला तर मॉडेलला या व्यवस्थेची घडण कळली आहे. पाऊस केंद्राभोवती गोल पसरला असेल तर नाही.

तिसरा प्रश्न पावसातल्या खंडांचा, आणि सोयाबीनसाठी माझ्या मते सगळ्यांत मोलाचा. राजीवन, गाडगीळ आणि भाटे यांची 2010 सालची व्याख्या वापरा: जुलै-ऑगस्टमध्ये मान्सूनच्या गाभा क्षेत्रावरच्या, म्हणजे मध्य भारतातल्या पट्ट्यावरच्या, रोजच्या पावसातून नेहमीची सरासरी वजा करा आणि तो फरक प्रमाणित विचलनाने भागा; आलेला आकडा सलग तीन दिवस किंवा जास्त +1 च्या वर राहिला तर सक्रिय काळ, −1 च्या खाली राहिला तर खंड. फरक काढताना सरासरी त्या मॉडेलचीच घ्या. खात्याची सरासरी मॉडेलवर लादली तर कोरडं मॉडेल जवळजवळ सतत खंडातच दिसेल. मग खंड किती वेळा येतो एवढ्यावर थांबू नका, तो किती दिवस टिकतो त्याचा आलेख काढा. तीन-चार दिवसांचे खंड बहुतेक मॉडेलांना जमतात. तुम्हाला हवा आहे दोन-तीन आठवड्यांचा खंड, कारण फुलोऱ्यात आणि शेंगा भरताना तोच मारतो.

लांब खंडांमागे एक लय आहे. डी. आर. सिक्का आणि सुलोचना गाडगीळ यांनी 1980 साली उपग्रहाच्या चित्रांवरून दाखवलं की ढगांचा पट्टा विषुववृत्ताजवळ तयार होऊन उत्तरेला सरकत येतो, आणि साधारण 30 ते 60 दिवसांनी ही फेरी पुन्हा होते. सरकण्याचा वेग रोज एक अक्षांश धरा. अक्षांश एका अक्षावर, दिवस दुसऱ्यावर, असा आलेख काढलात की खऱ्या पावसात तिरके पट्टे दिसतात. काही मॉडेलांत ते दिसतात, काहींत पट्टा विषुववृत्ताजवळच घुटमळतो. ज्या मॉडेलात तिरका पट्टाच नाही, त्याचे खंड कितीही बरोबर मोजले गेले तरी माझा त्यांवर विश्वास बसणार नाही.

सगळ्या मोसमाचं वर्गीकरण करण्याची एक वेगळी रीतही आहे. ब्रिटिश बेटांसाठी हवामानतज्ज्ञ ह्यूबर्ट लँब यांनी रोजच्या हवामान नकाशांचे 27 प्रकार पाडले होते, ते काम पुढे संगणकावर आलं आणि आता मॉडेलं तपासायला सर्रास वापरतात. भारतासाठीही वाऱ्यावर आधारित 30 आकृतिबंधांचा संच तयार झाला आहे. पद्धत अशी: आकृतिबंध पुनर्विश्लेषणातून, म्हणजे ईआरए-5 सारख्या संचातून ठरवा, मग मॉडेलचा प्रत्येक दिवस त्यातल्या सर्वांत जवळच्या आकृतिबंधात टाका. आता बघा: प्रत्येक आकृतिबंध किती दिवस येतो, आला की किती टिकतो, त्याच्यामागून कोणता येतो. आणि त्या आकृतिबंधात मराठवाड्यात पाऊस किती पडतो, हेही. यामुळे पावसातल्या चुकीची फोड होते. आकृतिबंध कमी वेळा येतो म्हणून पाऊस कमी आहे, की येतो बरोबर पण मॉडेलला त्यातून पाऊस पाडता येत नाही? पहिला दोष गंभीर आहे, तो नंतर आकडे दुरुस्त करून जात नाही. दुसरा काही प्रमाणात सुधारता येतो. एक सावधगिरी मात्र बाळगा. ‘सर्वांत जवळचा’ आकृतिबंध प्रत्येक दिवसाला मिळतोच, तो दिवस कशासारखाच नसला तरी. म्हणून अंतरही नोंदवा. मॉडेलच्या दिवसांची अंतरं खऱ्या दिवसांपेक्षा सरसकट मोठी असतील, तर वारंवारतेच्या सुंदर तक्त्याला फारसा अर्थ उरत नाही.

एल निनोशी असलेलं नातंही तपासा, पण घाईने निकाल देऊ नका. 2002 आणि 2009 या एल निनो वर्षांत देशाचा पाऊस अनुक्रमे 19 आणि 22 टक्क्यांनी घटला, आणि विसाव्या शतकातल्या सर्वांत बलाढ्य एल निनोंपैकी एक असूनही 1997 साली तो सरासरीच्या थोडा वरच राहिला. निसर्गातच हे नातं इतकं ढिलं आहे, तर मॉडेलच्या तीस वर्षांच्या एका धावेवरून त्याला नापास कसं करणार?

इथून योगायोगाचा प्रश्न येतो, आणि तुमच्या तक्त्यात त्याला जागा नाही. एकच मॉडेल सुरुवातीला नगण्य फरक करून अनेकदा चालवतात. जर्मनीच्या मॅक्स प्लँक संस्थेने तर एका मॉडेलच्या 100 धावा केल्या. एकाच मॉडेलच्या धावांत मराठवाड्याएवढ्या छोट्या प्रदेशाची तीस वर्षांची सरासरीसुद्धा बरीच हलते. तुम्ही प्रत्येक मॉडेलची पहिली धाव घेतली आहे, असं दिसतं. उपलब्ध असतील त्या सगळ्या घ्या आणि बघा, तुमची दोन मॉडेलं तरीही जवळ राहतात का. निरीक्षणंसुद्धा निसर्गाने एकदाच खेळलेला डाव आहेत, आणि तीही एकसंध नाहीत. पर्जन्यमापकांची संख्या दशकागणिक बदलत गेली आहे. ईआरए-5 चा पाऊस तर बहुतांशी त्याच्या स्वतःच्या मॉडेलने पाडलेला असतो, तो मापक समजू नका. वाऱ्यासाठी ईआरए-5, पावसासाठी खात्याचे आकडे आणि पडताळ्याला जीपीएम उपग्रहाचा संच, एवढं पुरतं. हे संच आपसांतच जिथे भांडतात, तिथे मॉडेलला दोष देऊ नका.

सोयाबीनसाठी मी एक घरगुती कसोटी सुचवते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा सल्ला कृषी विभाग दर जूनला देतो. प्रत्येक मॉडेलात, प्रत्येक वर्षी तो दिवस शोधा. मग त्यानंतरच्या तीन आठवड्यांत 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पावसाचे दिवस मोजा. ते दोन-तीनच असतील तर ते दुबार पेरणीचं वर्ष. खात्याच्या आकड्यांत अशी वर्षं किती आणि मॉडेलात किती? रिपरिपीचं मॉडेल इथे लगेच उघडं पडतं, त्यात दुबार पेरणीची वेळ कधीच येत नाही. 2014 आणि 2015 सारखी पाठोपाठ दोन दुष्काळी वर्षं येतात का, हेही बघा. त्या दुसऱ्या दुष्काळानंतर लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं होतं. शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं ते अशा जोड-दुष्काळाने.

आता निवडीबद्दल. क्रमवारी लावून पहिली दोन मॉडेलं घेण्यापेक्षा जी ठळकपणे नापास होतात ती काढून टाका आणि उरलेली सगळी वापरा. उरलेल्यांत भावकी बघा. अनेक मॉडेलांचं वातावरण किंवा समुद्र एकाच मूळ आज्ञावलीतून आलेला असतो, त्यामुळे चार मॉडेलं एकमत झाली तरी ते कधी कधी एकाच घराचं मत असतं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचं आयआयटीएम-ईएसएम हे सीएमआयपी-6 मध्ये उतरलेलं पहिलं भारतीय मॉडेल आहे. मला त्याचा अभिमान आहे, पण त्यालाही हीच चाळणी लावा.

भूतकाळ चांगला उतरवला म्हणून भविष्यही बरोबर, असंही नाही. सीएमआयपी-6 मधली काही मॉडेलं कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावर पृथ्वी 5 अंशांहून जास्त तापेल असं सांगतात, तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदल समितीच्या 2021 च्या अहवालात संभाव्य पल्ला 2.5 ते 4 अंशांचा आहे. अशा फार तापट मॉडेलाचा मान्सून सुरेख असू शकतो. म्हणून त्याचा निकाल ‘2050 साली’ असा न मांडता ‘पृथ्वी 2 अंशांनी तापल्यावर’ असा मांडा, त्यामुळे मॉडेलाच्या तापटपणाचा परिणाम बराच वेगळा काढता येतो.

शेवटी विचलन दुरुस्तीबद्दल, म्हणजे मॉडेलच्या ठरावीक चुका आकड्यांतून काढण्याबद्दल, कारण ते तुम्ही करणारच. रोजच्या पावसाचं वितरण खात्याच्या आकड्यांवर बसवणारी पद्धत हलका पाऊस काढून टाकते, मोठा पाऊस वाढवते, आकडे देखणे करते. दिवसांचा क्रम मात्र ती बदलत नाही. ज्या मॉडेलात अठरा दिवसांचा खंड घडतच नाही, त्यात दुरुस्तीनंतरही तो येईलच याची खात्री नाही. म्हणून दुबार पेरणीची कसोटी दुरुस्तीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा लावा आणि दोन्ही आकडे प्रबंधात द्या. त्याआधी या आठवड्यात तुमच्या 12 मॉडेलांच्या 850 हेक्टोपास्कलच्या रोजच्या वाऱ्याच्या फाइली उतरवून घ्या. पाऊस तोपर्यंत बंद करून ठेवा.